जुळ्यांची खानेसुमारी आणि मातांची कैफियत

जुळी मुले जन्माला येणे ही गोष्ट मनुष्याने फार प्राचीन काळापासून दैवाच्या खाती जमा केलेली आहे. अश्विनीकुमारांच्या कृपेने माद्रीला नकुल-सहदेव झाले, असे महाभारतकार सांगतात; आपल्याकडच्या आजीबाईंनी ते कर्तृत्व जोडकेळ्याकडे दिले आणि गर्भार सुनेच्या हातून ते काढून घेतले; नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोक आपल्या गावच्या सुरणासारख्या कंदाचा आणि भेंडीच्या पाल्याच्या कालवणाचा हवाला देतात. शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनीही, भाषा तेवढी निराळी वापरून, हेच केले. मुले अधिक झाली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येणारे शिक्षण कमी होते काय, हा प्रश्न तपासण्यासाठी मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९८० साली भारतातील ग्रामीण कुटुंबांची माहिती घेतली आणि जुळ्यांचा जन्म ही निसर्गानेच काढलेली सोडत आहे असे गृहीत धरले. म्हणजे आई गरीब असो वा श्रीमंत, सुदृढ असो वा कृश, चिठ्ठी कोणाच्याही नावाने निघू शकते. युक्ती इतकी सोयीची होती की पुढे कित्येकांनी ती उचलली. परंतु जुळ्यांच्या जन्माची दप्तरे बारकाईने चाळली असता ही सोडत निर्भेळ नाही, चिठ्ठ्यांवर मातेचे वय, बांधा, आहार आणि आरोग्य यांचा हात फिरलेला आहे, असेच ठिकठिकाणी दिसून येते.

पूर्वीच्या अभ्यासकांना मात्र येथे एक अटळ नियम दिसला होता. डिओनिस हेलिन याने १८९५ साली असे मांडले की दर ८९ बाळंतपणांत एक जुळ्यांचे, आणि ८९ च्या वर्गाइतक्या बाळंतपणांत एक तिळ्यांचे असते. नियम सुबक होता, म्हणूनच त्याचा बोलबाला झाला. पण तो युरोपातील तत्कालीन आकड्यांवर बेतलेला होता आणि युरोपाबाहेर पाऊल टाकताच लंगडू लागला. त्याहून खरे मोलाचे काम जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग याने १९०१ साली केले. जुळी दोन जातींची असतात: एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली एकबीज, आणि एकाच वेळी सुटलेली दोन बीजे निरनिराळी फळून झालेली द्विबीज. जन्मनोंदीत ही जात लिहिलेली नसते, मुलगा की मुलगी एवढेच असते. वाइनबर्गने विचार केला की एकबीज जोडी नेहमी एकाच लिंगाची असणार, आणि द्विबीज जोड्यांत निम्म्या एकलिंगी व निम्म्या भिन्नलिंगी असणार. तेव्हा मुलगा-मुलगी अशा जोड्या मोजून त्यांची दुप्पट केली की द्विबीज जोड्यांची संख्या हाती लागते, आणि उरतील त्या एकबीज. रक्ताचा थेंब न काढता, केवळ नोंदवहीवरून आईच्या उदरातील घडामोडीचा अदमास घेणारी ही रीत पाहून आजही कौतुक वाटते.

या रीतीने हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की एकबीज जुळ्यांचे प्रमाण बहुतेक सर्वत्र दर हजार बाळंतपणांस साडेतीन ते चार एवढेच, जवळजवळ स्थिर आहे. ते देशाला, वंशाला वा आईच्या वयाला फारशी दाद देत नाही. जी काही तफावत आहे ती द्विबीजांची. विसाव्या शतकाच्या मध्यास जपानात दर हजारी जुळ्यांची सर्व मिळून सहा-सात बाळंतपणे होत होती, तर इबादानचे डॉ. पर्सी नायलँडर यांनी पश्चिम नायजेरियात, विशेषतः इग्बो-ओरा या गावी, जे प्रमाण नोंदले ते हजारी ४५ च्या घरात होते. तेथे जुळ्यांना नावेही ठरलेली असतात. आधी जन्मलेला ताइवो आणि मागून आलेला केहिंदे, आणि जग राहण्याजोगे आहे की नाही हे पाहण्यास केहिंदेने ताइवोला पुढे धाडले अशा समजुतीने धाकटेपण पहिल्याकडे जाते. नायलँडर यांनी त्या मातांचे रक्त तपासले तेव्हा बीजकोशाला चेतना देणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण जुळ्यांच्या मातांत अधिक आढळले. कंदाचा दावा मात्र अजून सिद्ध झालेला नाही.

या संप्रेरकाची, म्हणजे एफएसएचची, कामगिरी थोडक्यात सांगावयाची तर मस्तकातील पीयूषिका ग्रंथीतून ते दर महिन्यास निघते, बीजकोशातील काही बीजे वाढीला लावते, आणि त्यांतील एक पुढे गेले की बीजकोशाच्या उलट निरोपाने त्याचा पुरवठा आटतो व बाकीची मागेच सुकतात. पुरवठा आटण्यास विलंब झाला, किंवा तो मुळातच भरघोस असला, की दोन बीजे पक्व होतात. आता स्त्रीचे वय वाढू लागले, बीजकोशातील साठा उतरणीला लागला, म्हणजे तो उलट निरोप क्षीण होतो आणि ग्रंथी अधिकच जोराने हुकूम सोडू लागते. परिणामी वंध्यत्वाकडे निघालेल्या वाटेवरच जुळ्यांची शक्यता सर्वांत मोठी असते. पंधराव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंत द्विबीज जुळ्यांचा दर सुमारे चौपट होतो आणि मग साठाच संपत आल्याने झपाट्याने खाली येतो. वयाखेरीज आधीच्या बाळंतपणांची संख्या जितकी अधिक तितका हा संभव वाढतो, आणि उंच व भरल्या अंगाच्या स्त्रियांत तो अधिक असतो.

आनुवंशिकतेचा वाटाही आहे, पण तो मातेच्या बाजूने. जुळी आमच्या घराण्यातच आहेत असे सासरच्या मंडळींनी सुनेसमोर मिरवण्यास शास्त्राचा आधार फारसा नाही. पित्याचा वारसा पत्नीच्या बीजकोशावर अंमल चालवू शकत नाही, फार तर तो त्याच्या मुलीत उतरेल आणि तिच्या बाळंतपणात प्रकट होईल. २०१६ साली या वारशाचे दोन दुवे मानवी जनुकांत निश्चितपणे सापडले, त्यांतील एक एफएसएचच्याच घडणीशी निगडित आहे. मेंढ्यांत मात्र असाच एक वारसा फार आधी हाती लागला होता आणि त्याची कथा आपल्या फलटणपर्यंत येऊन पोचते. सुंदरबनातील गरोळ ही बुटकी, दलदलीत चरणारी मेंढी एका वेतात दोन-तीन कोकरे देते; अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजांतून ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तेथील बहुप्रसू बूरूला मेरिनोत आढळलेले जनुक तेच असल्याचे पुढे उघड झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते गरोळमधून आपल्या दख्खनी मेंढीत संकराने आणून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. एरवी एकाच कोकरावर समाधान मानणाऱ्या दख्खनी मेंढीला या जनुकाच्या एका प्रतीने सरासरी अर्ध्या कोकराची भर पडते. त्याहून अधिकाचा लोभ शहाणा मेंढपाळ धरणार नाही, कारण दोनांना पाजण्याइतके दूध येण्यास चाराही तसाच लागतो.

चाऱ्याचा हा हिशेब माणसांतही चुकत नाही. मायकेल बल्मर यांनी १९५९ साली युद्धकालीन युरोपचे आकडे तपासले, तेव्हा फ्रान्स, हॉलंड, नॉर्वे अशा व्याप्त देशांत त्या टंचाईच्या वर्षांत जुळ्यांचा दर खाली गेलेला आढळला. अलीकडे सोनिया भालोत्रा आणि डेमियन क्लार्क यांनी ७२ देशांतील सुमारे १ कोटी ७० लाख जन्मांची छाननी करून असे दाखविले की निरोगी, उंच, धूम्रपान न करणाऱ्या, प्रसूतिपूर्व वैद्यकीय सोय लाभलेल्या मातांनाच जुळी अधिक होतात, आणि हे कृत्रिम गर्भधारणेची प्रकरणे वगळूनही खरे ठरते. यामागचे कारण त्यांच्या मते गर्भ राहण्यात कमी आणि तो टिकण्यात अधिक आहे. दोन गर्भांचा भार मातेच्या शरीरावर इतका पडतो की हालअपेष्टेत असलेली माता त्यांतील एक वा दोन्ही गमावून बसते आणि जन्मनोंदीपर्यंत ती जोडी पोचतच नाही. सोडतीच्या कल्पनेला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का होय.

तथापि याच धाग्याने जुळ्यांच्या माता उपजतच अधिक प्रजननक्षम असतात असा जो निष्कर्ष पूर्वी काढला जाई, तो मात्र टिकला नाही. औद्योगिक क्रांतीपूर्व युरोपातील लाखभर जन्मांच्या नोंदी घेऊन २०२२ साली झालेल्या अभ्यासात असे निघाले की अनेक बाळंतपणे झाली म्हणूनच त्या स्त्रियांना जुळ्यांची संधी अनेकवार मिळाली. दर बाळंतपणामागे जुळ्यांचा कल असलेल्या स्त्रियांची एकंदर बाळंतपणे उलट कमीच भरली.

आता गेल्या सत्तर वर्षांचा चढउतार पाहिला तर तो याच कारणांच्या ताळमेळाने उलगडतो. १९५० नंतर युरोपात स्त्रिया लवकर आणि थोडी मुले होऊन मोकळ्या होऊ लागल्या, आणि सत्तरच्या दशकापर्यंत जुळ्यांचा दर घसरत गेला. त्यानंतर पहिले अपत्यच तिशीच्या पलीकडे ढकलले गेले, आणि त्याच सुमारास वैद्यकाने आपला हात पुढे केला. बीजनिर्मितीला उत्तेजन देणारी क्लोमिफीनसारखी औषधे साठच्या दशकात बाजारात आली. १९७८ साली इंग्लंडात पहिले नलिकाबाळ जन्मले. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून तसेच बाळ सुखरूप जन्मले. एक भ्रूण ठेवून यश येईलच याची शाश्वती नसल्याने दोन-दोन, तीन-तीन ठेवण्याचा परिपाठ पडला, आणि जुळी-तिळी हा त्याचा अपरिहार्य परिणाम. अमेरिकेत १९८० साली दर हजार जन्मांत जुळी बालके १८.९ होती, ती २०१४ साली ३३.९ झाली, त्यातील सुमारे एक तृतीयांश वाढ निव्वळ मातांच्या वाढत्या वयाची, असा तेथील सांख्यिकांचा अदमास आहे. सर्व जगाचा हिशेब क्रिस्टियान मोंडेन, जिल पिझों आणि येरून स्मिट्स यांनी २०२१ साली मांडला: १९८०-८५ मध्ये दर हजार बाळंतपणांत ९.१ असलेला दर २०१०-१५ मध्ये १२ वर गेला, आणि दरसाल सुमारे १६ लाख जोड्या जन्माला येऊ लागल्या. म्हणजे जन्मणाऱ्या दर ४२ बालकांमागे एक जुळ्यांतले.

ही वाढ यशाची खूण मानण्यास वैद्यक आज तयार नाही. जुळी बहुधा दिवस भरण्यापूर्वी येतात, वजनाने हलकी असतात, मातेला रक्तदाबाचा आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकाच वारेवर दोन्ही गर्भ पोसत असले तर एकाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याची भीती असते, म्हणून दोघांना वार एक की दोन हे पहिल्या तीन महिन्यांच्या सुमारास सोनोग्राफीने पाहून ठेवणे अगत्याचे असते. स्वीडनने २००३ साली एका वेळी एकच भ्रूण ठेवण्याचा दंडक घातला. यशाचे प्रमाण विशेष न घटता तेथील जुळी झपाट्याने उतरली, आणि अनेक संपन्न देश त्याच वाटेने गेले. तेव्हा तिकडे आकडा यापुढे खालीच येईल.

आफ्रिकेत मात्र औषधाचा हात फारसा नसूनही निसर्गतःच दर मोठा आहे. बेनिनमध्ये तो हजारी २७.९ आढळला होता. लोकसंख्या वाढते आहे तसतशा जोड्याही वाढतील. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत २००९ ते २०१४ या काळात जन्मलेल्या दर हजार जुळ्या बालकांपैकी २१३ पाचव्या वर्षापूर्वीच दगावली. १९९५ ते २००१ मध्ये हाच आकडा ३२७ होता. तेथे जुळ्यांची आई पुष्कळदा दवाखान्याचा उंबरठा न पाहताच बाळंत होते, आणि उदरात दोघे आहेत हे तिला पहिल्याच्या जन्मानंतर कळते.