कुरडईचा चीक आणि डिमसम

आमच्या बीबीत मेहकर-सिंदखेडराजा रस्त्याच्या कडेला दिवस मावळला, की चायनीजच्या गाडीवरची शेगडी भडकते. मोठ्या कढईत कोबी, शिमला मिरची, नूडल्स आणि लाल सॉस यांची झटापट सुरू होते. आमच्या पोरांच्या लेखी चायनीज म्हणजे हेच. पुढे ही पोरं शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागतात आणि एखाद्या रविवारी आईवडिलांना हौसेनं चिनी हॉटेलात जेवायला नेतात. तिथं वेताच्या छोट्या टोपल्या समोर येतात. त्यांत काय आहे ते कळत नाही, विचारायचा संकोच वाटतो. मग आई म्हणते, "मला नाही बा भूक. तुम्ही खा." लेकरांचा हिरमोड होतो आणि आई उपाशी घरी येते. हे टाळता येण्यासारखं आहे. म्हणून आज त्या टोपल्यांतल्या पदार्थांची, म्हणजे डिमसमची, ओळख करून घेऊ.

डिमसम हा कँटनी बोलीतला शब्द. त्याचा शब्दशः अर्थ मनाला स्पर्श करणारं असा होतो. दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत, त्याची राजधानी ग्वांगझो, म्हणजे जुनं कँटन, आणि शेजारचं हाँगकाँग हे या खाण्याचं माहेर. तिथं लोक "डिमसम खायला चला" असं म्हणण्याऐवजी "यम चा" म्हणतात. यम चा म्हणजे चहा पिणं. चहाच्या दुकानात सकाळपासून दुपारपर्यंत बसायचं, गप्पा मारायच्या आणि चहाबरोबर थोडं थोडं खायचं, अशी ही रीत. आपल्याकडे चहाबरोबर भजी आली तशीच, फक्त तिथं तळणापेक्षा वाफेवर भर जास्त. म्हणून हे जेवण दुपारचं. रात्रीच्या पंगतीचं ते नव्हे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीनं मला आणि तिच्या आईला, म्हणजे आमच्या अक्काला, मुंबईतल्या एका साध्याशा चिनी हॉटेलात नेलं. अक्का माळकरी. गळ्यातल्या माळेला हात लावूनच ती आत शिरली. भाचीनं तिच्यासाठी मशरूम, गाजर आणि मक्याचे दाणे भरलेले डिमसम मागवले. टोपलीचं झाकण निघालं. आतली पारी काचेसारखी पारदर्शक होती, गाजराचा रंग बाहेरून दिसत होता. अक्कानं एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "अगं, हा तर कुरडईचा चीक!"

अक्काचं म्हणणं अगदी बरोबर होतं. उन्हाळ्यात आपल्या बाया काय करतात? गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, गाळून चोथा बाजूला काढतात. पांढरं दूध रात्रभर ठेवलं, की तळाशी चीक बसतो. हा चीक म्हणजे गव्हातलं पिठूळ सत्त्व. त्यातून कोंडा गेलेला असतो आणि कणकेला चिवटपणा देणारा भागही गेलेला असतो. ही पारदर्शक पारीही गव्हाच्या याच सत्त्वाची असते. त्यात टॅपिओकाचं पीठ मिसळतात, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचं सत्त्व. चीक शिजवताना तो पांढऱ्याचा पारदर्शक होतो, हे प्रत्येक गृहिणीनं पाहिलेलं आहे. टोपलीत तेच घडतं.

हे पीठ थंड पाण्यात मळायला गेलं तर फुटतं, कारण त्यात चिवटपणा उरलेला नसतो. म्हणून त्यावर उकळतं पाणी ओततात. गरम पाण्यानं सत्त्वाचे कण फुगतात, एकमेकांना धरतात आणि पिठाला आकार देता येतो. कोकणातली सुगरण मोदकासाठी तांदळाची उकड काढते ती याच कारणानं. मग पारी करायची, सारण भरायचं आणि मोदकासारख्या पाकळ्या काढून तोंड मिटायचं. कोळंबी भरलेल्या अशा डिमसमला हार गाव म्हणतात. त्याच्या पाकळ्या किती बारीक आणि एकसारख्या आल्या, यावरून तिथले जाणकार आचाऱ्याचा हात ओळखतात.

वाफेचंही तसंच. नागपंचमीला आपल्या अनेक घरांत तवा चढवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. त्या दिवशी पुरणाचे दिंड होतात. कणकेच्या पोळीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची, चाळणीला तेलाचा हात लावून वाफवायचं आणि वर तूप. वाफवलेल्या डाळीचे फुणके तर कढीबरोबर एरवीही होतात. म्हणजे वाफेवरचं खाणं आपल्याला परकं नाही. फरक भांड्याचा आहे. आपल्या पातेल्याच्या झाकणावर वाफेचं पाणी जमतं आणि पदार्थावर ठिबकतं. म्हणून आपण झाकणाला फडकं बांधतो. बांबूच्या टोपलीचं विणलेलं झाकण वाफ थोडी शोषतं, थोडी बाहेर सोडतं, त्यामुळे पारी ओली होत नाही. शिवाय टोपल्या एकावर एक रचता येतात आणि एकाच आधणावर चार-पाच पदार्थ निघतात.

बाकीची नावंही पाहून ठेवू. सिउ माय म्हणजे वरून उघडा, पिवळसर पारीचा डिमसम. त्यात बहुधा डुकराचं मांस आणि कोळंबी असते. बाव म्हणजे वाफवलेला पांढरा, मऊ, गोल पाव, आत सारण. चेंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ, लुसलुशीत पोळीची गुंडाळी. लो बाक गो ही मुळ्याची वडी. मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवायचा, वाफवायचं, वड्या पाडून तव्यावर परतायच्या. आपली कोथिंबीर वडी आठवावी.

शाकाहारी माणसानं मात्र नीट विचारावं. मुळ्याच्या वडीत सुकी कोळंबी घालण्याची पद्धत आहे. पावाच्या पिठात कधी डुकराची चरबी असते. भाज्यांच्या पदार्थात ऑयस्टर सॉस पडतो, तो समुद्रातल्या कालवांपासून होतो. आणि रचलेल्या टोपल्यांत वरच्या टोपलीतला मांसाचा रस खालच्या टोपलीत उतरू शकतो. आमच्या भाचीनं वेटरला स्पष्ट सांगितलं, "आई माळकरी आहे, तिची टोपली वेगळी वाफवा." त्यानं आत जाऊन विचारलं, मान डोलावली आणि तशी व्यवस्था केली. विचारण्यात कमीपणा काहीच नव्हता.

हे जेवण आपल्या देशात आणणाऱ्या माणसांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढून राहिला. त्याच्या नावावरून त्या गावाला अचिपूर म्हणतात. पुढे कोलकात्यात चिनी वस्ती वाढली. तिथल्या टांगरा भागात हक्का समाजाचे लोक चामडं कमवायचे. आपल्या गाडीवरच्या हक्का नूडल्सचं नाव या समाजाचं. मुंबईत माझगावला चिनी खलाशांची वस्ती होती. १९१९ सालचं त्यांचं देऊळ आजही तिथं आहे.

१९६२ च्या युद्धानंतर या लोकांवर संशयाची सावली पडली. ईशान्य भारत आणि बंगालमधल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. त्यांत म्हातारी होती, लहान मुलं होती, इथंच जन्मलेलेही होते. काही जण वर्षानुवर्षं तिथं राहिले. सुटल्यावर कित्येकांनी देश सोडला. जे उरले त्यांनी हॉटेलं, केशकर्तनालयं, बुटांची दुकानं चालवली. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस घालून चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. आपल्या गाडीवरचं मंचुरियन त्याचंच नातवंड. चीनमध्ये ते शोधून सापडायचं नाही. भारतात राहिलेल्या माणसानं भारतीय जिभेसाठी ते केलं.

आता प्रत्यक्ष जेवणाची रीत. एका टोपलीत साधारण तीन-चार नग असतात आणि ते सगळ्यांनी वाटून खायचे असतात. म्हणून चौघांनी आधी दोन-तीनच टोपल्या मागवाव्यात, संपल्या की पुढच्या. एकदम मागवल्या तर गार होतात, आणि गार झालेली पारी शिळ्या मोदकासारखी कडक होते. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागावा, कुणी हसत नाही. काही डिमसममध्ये गरम रस्सा असतो. तो आधी थोडा फोडून, फुंकून मग तोंडात घालावा. चहा बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा येतो. आधी दुसऱ्याच्या कपात ओतायचा, मग स्वतःच्या. किटली रिकामी झाली, की झाकण थोडं सरकवून ठेवायचं. वेटर समजून घेतो आणि गरम पाणी भरून आणतो.

आणि मुलांनो, आईवडिलांना अशा ठिकाणी नेलंत, की कार्ड त्यांच्यापुढे सरकवून मोकळे होऊ नका. एकेक नाव मराठीतून सांगा, आत काय आहे ते सांगा, त्यांना काय चालतं ते आधी विचारा. तेवढं केलंत, तर कुरडया घालणाऱ्या तुमच्या आईलाच त्या टोपलीतलं तुमच्यापेक्षा जास्त कळेल.