पाच अक्षरांचा खेळ आणि एका अक्षराची किंमत

'मिहान' हा शब्द मराठीत लिहिला तर तीन अक्षरांचा होतो, इंग्रजीत लिहिला तर पाच अक्षरांचा. एम, आय, एच, ए, एन. नागपूर विमानतळाला लागून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचे पूर्ण नाव 'मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर' असे आहे. एवढे लांब नाव रोज कोण घेणार? म्हणून त्यातली मोजकी अक्षरे उचलली गेली. 'कार्गो'चे 'सी' बाहेर राहिले, पण जिभेवर सहज बसणारा शब्द तयार झाला.

नागपूर आणि आसपासच्या आपल्या घरांमध्ये मिहान म्हणजे नोकरीची आशा. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, टेक महिंद्रा या कंपन्या तिथे आहेत. एम्स आणि आयआयएमही त्याच परिसरात आहेत. मोमिनपुरा, जाफरनगर, ताजबाग इथली मुले-मुली पदवी घेऊन तिकडे अर्ज करतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांची हुशारी कमी नसते. पण इंग्रजीच्या चाचणीत शब्द डोक्यात असूनही स्पेलिंग दगा देते. आणि एकदा मनात धास्ती बसली की येत असलेले उत्तरही चुकते. ही धास्ती घरातल्या घरात, बिनपैशाने कमी करता येते. त्यासाठी एक कागद, एक पेन्सिल आणि पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द पुरे.

खेळ कसा खेळायचा?

'वर्डल' नावाचा खेळ अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. जॉश वॉर्डल या संगणक अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. इंग्रजीत पाच अक्षरांचे सुमारे 12 हजार शब्द निघाले. त्यातले ओळखीचे असे अडीच हजारांच्या आसपास शब्द पलकने निवडून दिले. ऑक्टोबर 2021 मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकतही घेतला.

घरी मोबाईलची गरज नाही. एकाने मनात पाच अक्षरांचा शब्द धरायचा. दुसऱ्याने पाच अक्षरांचाच एक शब्द कागदावर लिहायचा. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर त्याभोवती गोल करायचा. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर खाली टिंब द्यायचे. अक्षरच नसेल तर काट मारायची. सहा प्रयत्नांत शब्द ओळखायचा.

यात नुसते नशीब चालत नाही. समजा, शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी आहेत हे कळले. आता पहिले अक्षर कोणते? लाइट, नाइट, फाइट, माइट, राइट, साइट, टाइट आणि 'आठ' या अर्थाचा एट, असे आठ शब्द समोर येतात. एकेक करून पाहिले तर प्रयत्न संपतील. शहाणे मूल इथे थांबते आणि 'फिल्म्स' लिहिते. त्यात एफ, एल, एम, एस ही चारही अक्षरे एकदम तपासली जातात आणि आठातले चार शब्द एका फटक्यात बाजूला होतात. आधी विचार, मग प्रयत्न, ही सवय कोणत्याही परीक्षेत उपयोगी पडते.

मुले इथे विचारतील, की 'नाइट'मध्ये जी-एच कशाला, त्यांचा उच्चार तर होत नाही? एके काळी होत होता. जर्मन भाषेत आजही रात्रीला 'नाख्त' म्हणतात. उर्दू वाचणाऱ्या मुलांच्या ओळखीचा 'खे'चा घशातला आवाज त्यात आहे. इंग्रजांच्या बोलण्यातून तो आवाज गेला, लिहिण्यात मात्र खूण राहिली. कारण कळले की स्पेलिंग पाठ करावी लागत नाही, लक्षात राहते.

अक्षरे मोजणारे पहिले लोक

कोणते अक्षर जास्त येते, कोणते कमी, हे मोजण्याची विद्या जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. हे प्रमाण मोजले तर गुप्त लिपीतला मजकूरही उलगडता येतो, हे त्यांनी लिहून ठेवले. अमेरिकेत मंदीच्या काळात काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पकाराने वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून एक खेळ बनवला. तोच पुढे 1948 मध्ये 'स्क्रॅबल' या नावाने आला. त्यात 'ई'च्या 12 सोंगट्या असतात, 'क्यू'ची फक्त एक; आणि त्या एकीला 10 गुण.

'क्यू' आला की पाठोपाठ 'यू' येतो, असे शाळेत शिकवतात. ते बहुतेक वेळा खरे आहे. पण 'यू' मागे न लागलेले पाच अक्षरी शब्द शोधायला बसलो तर आम्हाला काय मिळाले? फकीर, नकाब, बुरखा, तलाक, किबला! हे सगळे शब्द इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत 'क्यू' घालून लिहिलेले सापडतात. कारण अरबीतल्या 'क़ाफ'साठी इंग्रजीने 'क्यू' वापरला. आणखी एक शब्द 'कनात', म्हणजे जमिनीखालून पाणी वाहून आणणारा बोगदा. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत बांधलेली नहर याच विद्येतून आली.

'क्यू' नसलेलेही पुष्कळ आहेत. शुगर, लेमन, सिरप, हेना, शॉल हे पाचही शब्द इंग्रजीत पाच अक्षरांचे आणि पाचही अरबी-फारसी वाटेने तिकडे गेलेले. नागपूरचे 'ऑरेंज' सहा अक्षरांचे आहे, पण तेही मुळात आपले नारिंगच. ज्या भाषेत आपल्या स्वयंपाकघरातले एवढे शब्द बसले आहेत, तिची भीती कशाला?

मिहानच्या आकाशातले शब्द

विमानांच्या जगात ठराविक लांबीचे शब्द हा खेळ नाही, रोजचे काम आहे. नागपूर विमानतळाचे तीन अक्षरी नाव एन-ए-जी. बॅगेच्या चिठ्ठीवर तेच छापतात. वैमानिकांसाठी चार अक्षरी नाव व्ही-ए-एन-पी. हवाई मार्गावरच्या अनेक ठिकाणांना पाच अक्षरांची नावे असतात. कोणत्याही देशाच्या माणसाला ती उच्चारता यावीत आणि दोन ठिकाणांचे नाव एक असू नये, असा दंडक आहे. कारण एका अक्षराने विमानाची वाट चुकू शकते.

'एम' आणि 'एन' फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून 1956 पासून विमान वाहतुकीत प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला आहे. त्याप्रमाणे मिहान सांगायचे तर माइक, इंडिया, होटेल, अल्फा, नोव्हेंबर. कॉल सेंटरमध्ये काम करू इच्छिणाऱ्या मुलांनी ही यादी जरूर पाठ करावी.

आपल्या नावातले अक्षर

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या घरांत एकाच माणसाचे नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे असते. काझी कुठे 'के'ने, कुठे 'क्यू'ने. शेख कुठे 'ए-आय'ने, कुठे 'ई-आय'ने. मोहम्मदच्या शेवटी कुठे 'ई-डी', कुठे 'ए-डी', तर कुठे नुसते 'एमडी'. उच्चार एकच आहे, माणूस एकच आहे. पण कागदपत्रे तपासणाऱ्याला आणि संगणकाला ती दोन माणसे वाटतात. चाचणी पास झालेली मुलगी या एका अक्षरापायी आठवडेच्या आठवडे खेटे घालत राहते.

म्हणून आमची विनंती आहे. या महिन्यात एका सुटीच्या दिवशी घरातल्या सर्वांचे आधार, दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पुस्तक एकत्र मांडा. मुलांनाच प्रत्येकाच्या नावातली इंग्रजी अक्षरे मोजायला सांगा. जुळत असेल तिथे गोल, नसेल तिथे काट. ज्या कागदात फरक निघेल त्याच्या दुरुस्तीचा अर्ज लगेच करा; गरज पडल्यास राजपत्रात नावाच्या बदलाची नोंद करण्याची सोयही आहे. लहान मुलांचे नाव शाळेत घालताना जन्मदाखल्यावरचे स्पेलिंग समोर ठेवूनच फॉर्म भरा.

ते झाले की मग पेन्सिल काढा आणि मुलांबरोबर पाच अक्षरांचा पहिला शब्द मनात धरा.