घराबाहेर गेलेले तीन दसरे

विजयादशमीस गावाची शीव ओलांडावी, शमीचे पूजन करावे, आपट्याचे सोने घेऊन दिवेलागणीस घरी यावे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून औक्षण करून घ्यावे, असा आपला परंपरागत आचार आहे. या आचारात जाण्याइतकेच परतण्यालाही स्थान आहे, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सीमोल्लंघनाचे वर्णन पुष्कळ होते. ओवाळून घेणाऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

वऱ्हाडाला सीमेपलीकडचे वावडे कधीच नव्हते. आमची पहिली सीमोल्लंघन करणारी तर एक कन्याच. विदर्भराज भीष्मकाची रुक्मिणी कौंडिण्यपुराहून अंबेच्या दर्शनास आली आणि तेथूनच द्वारकाधीशाच्या रथात बसली. ती अंबा म्हणजे अमरावतीची अंबादेवी, अशी इकडील लोकांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे. वर्धा नदीच्या काठच्या त्या कौंडिण्यपुरातून अजूनही दर आषाढीस रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. लेक सासरी गेली म्हणून माहेरचे येणे-जाणे थांबत नाही, हे या पालखीइतके दुसरे कोण सांगणार!

अलीकडे कीर्तन आटोपल्यावर आमच्याभोवती जमणाऱ्या मंडळींच्या शंका पालटल्या आहेत. पूर्वी सोयरसुतक, मुहूर्त, एकादशी स्मार्त की भागवत, असे विषय निघत. आता एकाचा मुलगा जर्मनीत, दुसऱ्याची सून अमेरिकेत. तिकडे घट बसवला तर चालेल काय, अष्टमी इकडची धरावी की तिकडची, असे प्रश्न येतात. त्यांचे उत्तर सोपे आहे. तिथी सूर्योदयावर, आणि सूर्योदय जेथे देह असेल तेथला. परंतु अकोल्यास एका माउलीने विचारलेल्या शंकेला असे तडकाफडकी उत्तर नव्हते. तिचा मुलगा एक वर्ष परदेशी नोकरी करून परतला होता. “महाराज, तो बोलतच नाही. तिकडे काय केलेस म्हटले तर काम केले म्हणतो आणि गप्प बसतो. माझे लेकरू परत आले की नाही, हेच मला कळेनासे झाले आहे.” आम्ही तिला त्या वेळी दादासाहेब खापर्ड्यांची कथा सांगितली. तीच आज या पानावर जरा विस्ताराने सांगतो.

तत्पूर्वी शास्त्राची बाजू. समुद्रगमनाविषयी आमच्या धर्मग्रंथांची भूमिका लोक समजतात तशी एकसुरी नाही. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात समुद्रयात्रा हा उत्तरेकडील लोकांचा एक आचार म्हणून नोंदवला आहे, आणि त्याच ग्रंथात पुढे तिला पातकांतही घातले आहे. त्यावर तीन वर्षांचे प्रायश्चित्तही सांगितले आहे: प्रत्येक चौथ्या भोजनकाळी अल्प आहार, त्रिकाळ स्नान, दिवसा उभे राहणे आणि रात्री बसणे. पुढील निबंधकारांनी तर समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाचा स्वीकार हाच कलिवर्ज्यांत घातला. पण एक गोष्ट पाहा. प्रायश्चित्त सांगणे याचा अर्थ परतण्याची वाट मोकळी ठेवणे. ज्याला पुन्हा पंक्तीत घ्यायचेच नाही, त्याच्यासाठी कोणता ऋषी इतके बारकावे लिहीत बसेल? आमच्या मते बौधायन नंतरच्या पंडितांहून दयाळू होता.

गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. अमरावतीचे नामांकित वकील, संस्कृताचे व वेदान्ताचे व्यासंगी, आणि बोलणे असे की सभा हसता हसता पेटून उठावी. १८९७ साली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. त्यांच्या राहणीचा थाट पाहून लोकांनी त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणावे. लोकमान्य टिळकांचे ते जिवलग मित्र. २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली गेली. त्या खटल्यासाठी मुंबईस निघालेल्या दादासाहेबांनी अकोल्याच्या स्टेशनावर कोल्हटकरांना गाठून शेगावी श्रीगजानन महाराजांकडे पाठवले, आणि महाराजांनी टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद दिला, ही कथा दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथामुळे वऱ्हाडातील घराघरांत ठाऊक आहे. दादासाहेबांचे पुढे काय झाले, हे मात्र पारायण करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

शिक्षेनंतर एक महिनाही लोटला नव्हता, तोच दादासाहेब विलायतेस निघाले. दिवस होता १५ ऑगस्ट १९०८. (या तारखेला पुढे काय अर्थ येणार आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.) वयाला चोपन्न वर्षे पूर्ण होत आलेली, भरभराटीची वकिली मागे टाकलेली, आणि हेतू एकच: प्रिव्ही कौन्सिलात मित्रासाठी दाद मागणे. काही महिन्यांचे काम म्हणून गेलेले दादासाहेब दोन वर्षांहून अधिक काळ तिकडे राहिले. प्रिव्ही कौन्सिलाने दाद दिली नाही. मग पार्लमेंटचे सभासद, मंत्री, वृत्तपत्रे, जाहीर सभा, असे एकेक दार त्यांनी ठोठावले. बिपिनचंद्र पाल त्या काळी लंडनमध्येच होते. त्यांच्यासह दादासाहेबांनी व्याख्याने दिली. शिक्षेतून एक दिवसही कमी झाला नाही.

दोन वर्षे बोलून एकही शब्द फळाला न येणे म्हणजे काय, हे वाणीवर जगणाऱ्या आम्हा मंडळींना चांगले कळते. कीर्तनात एखादी रात्र श्रोते निजलेले मिळाले तर दुसऱ्या दिवशी घास गोड लागत नाही.

त्या काळात घराबाहेर तीन दसरे गेले. १९०८ चा, १९०९ चा, आणि १९१० चा तर परतीच्या वाटेवर. पैकी १९०९ चा दसरा लंडनमधील हिंदी लोकांनी एकत्र येऊन साजरा केला, हे इतिहासात नमूद आहे. २४ ऑक्टोबर १९०९ च्या त्या समारंभाचे अध्यक्षस्थान दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या मोहनदास गांधींनी भूषविले आणि वक्ते होते विनायक दामोदर सावरकर. रामचंद्राचे गुणगान दोघांनीही केले; रावण कोण आणि त्याच्याशी झुंजावे कसे, याविषयी मात्र दोघांची मने निराळी होती. त्यानंतर लवकरच गांधींनी परतीच्या जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, आणि पुढील वर्षीच्या मार्चमध्ये सावरकर पकडले गेले. एका दसऱ्याच्या सभेतून केवढे रस्ते फुटले!

आणि अमरावतीस? याज्ञवल्क्याने पती परदेशी असलेल्या स्त्रीसाठी नियम घालून दिले आहेत. खेळ, शृंगार, मेळावे, उत्सव, हास्य आणि परगृही जाणे तिने वर्ज्य करावे. स्मृतिकाराने हे एका ओळीत उरकले. पण ते पाळणाऱ्या स्त्रीच्या दिवसांची मोजणी कोणी केली? लक्ष्मीबाई खापर्ड्यांनी त्यातील काय पाळले आणि काय नाही, याची चौकशी करणे आम्हास उचित वाटत नाही. माणसांचा राबता असलेले मोठे घर आणि कर्त्या पुरुषाच्या मिळकतीचा ओघ आटलेला, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. जाणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. वाट पाहणाऱ्याला चरित्र नसते. लक्ष्मीबाईंचे नाव भाविकांच्या ओठी आले ते पुढे, शिर्डीमुळे.

दादासाहेब दूर असतानाच आणखी एक गोष्ट घडली. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, शेगावी गजानन महाराजांनी देह ठेवला. मित्रासाठी ज्या दारी माणूस पाठवला होता, त्या दारी परतल्यावर सांगण्यासारखे यश नव्हते, आणि ऐकून घेणारे महाराजही आता देहाने नव्हते. परदेशी राहणाऱ्याला हा चटका चुकत नाही. आपण येईपर्यंत घड्याळ थांबलेले असेल असे त्याला वाटत असते.

ऑक्टोबर १९१० मध्ये दादासाहेब प्रथम रंगूनला उतरले आणि तेथून मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांना भेटून मग कलकत्त्याच्या मार्गाने स्वदेशी आले. दोन वर्षांच्या खटपटीचा हिशेब त्यांनी मित्रासमोर मांडला तो रिकाम्या हातांनीच. त्या भेटीत काय बोलणे झाले ते आम्ही कल्पनेने रंगवणार नाही. आख्यानात ती मुभा असते, येथे नाही. एवढे मात्र खरे, की त्याच हिवाळ्यात टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहून काढले. शेगावच्या भाकरीचा अर्थ भाविक त्या ग्रंथातच पाहतात.

आता त्या माउलीला सांगितलेला भाग. घरी परतून थोडे दिवस जातात न जातात, तोच ५ डिसेंबर १९१० रोजी दादासाहेब शिर्डीस पोहोचले. तेथे काकासाहेब दीक्षितांच्या वाड्याचा पाया घातला जात होता. दीक्षितांची हकीकतही विलायतेशीच जोडलेली. १९०६ साली लंडनमध्ये आगगाडीत चढताना पाय घसरून ते जायबंदी झाले होते, आणि तो लंगडा पायच त्यांना पुढे साईबाबांपर्यंत घेऊन आला. १० डिसेंबरला वाड्याचा पाया पडला, त्याच दिवशी दादासाहेबांना घरी जाण्याची अनुज्ञा मिळाली आणि चावडीतील शेजारती सुरू झाली, अशी नोंद ‘श्रीसाईसच्चरिता’त आहे. पुढल्या वर्षी डिसेंबरात ते पुन्हा गेले आणि या खेपेस मार्च १९१२ पर्यंत, तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले. लक्ष्मीबाईही होत्या. दुपारी त्या नैवेद्याचे ताट नेत, आणि बाबा इतरांची ताटे ठेवून त्यांच्या ताटाला प्रथम हात घालीत. बाबांनी त्यांना ‘राजाराम’ नामाचा जप दिला.

आणि दादासाहेब? शिर्डीत ते इतरांना विद्यारण्यांची ‘पंचदशी’ समजावून सांगत. पण मशिदीत बाबांसमोर गेले की तोंडातून अक्षर निघत नसे. बाबांपुढे नित्य मौन धरणारे तिघेच, खापर्डे, नूलकर आणि बुट्टी, असे सच्चरितकारांनी आवर्जून लिहिले आहे. सभा गाजवणारा, विलायतेत दोन वर्षे वाद घालून आलेला हा वक्ता एका फकिरासमोर हात जोडून नुसता बसे. सरकारची वक्रदृष्टी होती, म्हणून ते राजकारणापासून दूर येऊन बसले, असे म्हणणारेही आहेत. ते कारण असेलही. परंतु सरकारच्या भीतीने माणूस सभेत गप्प बसतो. मशिदीत गप्प बसायला निराळे कारण लागते. त्यांच्या इंग्रजी रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. शिर्डीच्या दिवसांची त्यातली नोंद वाचावी: पहाटेची प्रार्थना, बाबांचे बाहेर जाणे-येणे, आरती, वाचन, झोप. अमुक मिळाले, अमुक गमावले, असा विलायतेचा ताळेबंद तेथे कोठे मांडलेला नाही. दादासाहेब पुढे पुन्हा बोलू लागले. होमरूलच्या चळवळीत उतरले, १९१९ साली शिष्टमंडळाबरोबर दुसऱ्यांदा इंग्लंडलाही गेले, आणि त्यानंतर दिल्लीच्या कौन्सिलातही बसले. मधली गप्प राहिलेली वर्षे त्यांच्याकडून कोणी हिसकावून घेतली नाहीत, हे त्यांच्या घरच्यांचे आणि शिर्डीकरांचे उपकार.

सगळेच असे मौन घेऊन परतत नाहीत. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिक्षणासाठी विलायतेस गेले. त्या काळी एडिंबरोस संस्कृताच्या पीठावर कीथसाहेब होते. तेथे पदवी घेऊन पंजाबराव ऑक्सफर्डला आले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर त्यांनी प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ साली अमरावतीस परतले. शेतकऱ्याच्या मुलाने सातासमुद्रापार जाऊन वेदांवर पंडिताई मिळवली, याचे आमच्यासारख्या पोथीवाल्यांना कौतुक वाटायला हवे होते. पंजाबरावांनी मात्र सत्कार स्वीकारत बसण्याऐवजी प्रश्न विचारला. वेदातील धर्माचा उगम शोधून आलो, मग या अंबादेवीच्या उंबऱ्याआत माझेच गावकरी का येऊ शकत नाहीत?

१९२७ साली अस्पृश्यांच्या अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी अमरावतीत चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबर रोजी इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि या चळवळीच्या पुढाऱ्यांत पंजाबराव होते. परदेश पाहून आलेला मुलगा घरातल्या रीतीला प्रश्न करू लागला की आपण म्हणतो, तिकडे जाऊन बिघडला. अमरावतीतही तसे म्हणणारे होतेच. पण ज्या देवीच्या दारातून रुक्मिणी शीव ओलांडून गेली, त्याच दारात काही लेकरांना शीव आखून दिलेली होती, हे सांगण्यासाठी कोणाला तरी ऑक्सफर्डहून परत यावे लागले. त्याचे वैषम्य आम्हा कीर्तनकारांना अधिक वाटायला हवे, कारण चोखोबांचे आख्यान आम्ही तेव्हाही लावीतच होतो.

पंजाबराव पुढे घटना परिषदेचे सभासद झाले, दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री राहिले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. घटना परिषदेने अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम संमत केले, तेव्हा नोव्हेंबर १९४८ चा महिना होता. अंबादेवीसाठी भरलेल्या त्या परिषदेला तेव्हा २१ वर्षे झाली होती.