दुकानदाराने मानसशास्त्र का शिकावे?

तीस वर्षे कापडाच्या दुकानात बसलेला माणूस सहज म्हणतो, "गिऱ्हाईक पायरी चढले की मी ओळखतो, घेणार की नुसतेच पाहून जाणार." मीही असेच म्हणत असे. पण माझ्याच काउंटरवर पंधरा वर्षे उभा असलेला सेल्समन मला ओळखता आला नव्हता. हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका वर्गात बसल्यावर कळले.

हा माणूस दोन-तीन महिन्यांपासून उशिरा येत होता. मापात चुका करीत होता. गिऱ्हाईक समोर असताना गप्प उभा राहत होता. मी त्याला कामचोर ठरवले, चार माणसांत बोललो आणि रमजानचा सीझन संपला की हिशेब करून त्याला मोकळे करायचे, असे मनाशी पक्के केले. त्याच सुमारास मी एका विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात नाव घातले होते. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी हा अभ्यासक्रम म्हणजे काय आणि आपल्यासारख्या धंदेवाल्यांना त्याचा काय उपयोग, ते पाहू.

अभ्यासक्रम कसा असतो?

मानसशास्त्र म्हणजे मनातले ओळखण्याची विद्या नव्हे, जादू तर नव्हेच. माणूस पाहतो कसे, लक्षात ठेवतो कसे, निर्णय घेतो कसे, रागावतो किंवा घाबरतो का, याचा प्रयोग आणि निरीक्षण करून केलेला अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा काढली, तिथून हे शास्त्र स्वतंत्र झाले असे मानतात. उर्दूत याला नफ्सियात म्हणतात.

माझा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा होता. शनिवारी संध्याकाळी व रविवारी सकाळी वर्ग भरत. प्रवेशाला बारावी पास एवढीच अट होती. स्मृती, अवधान, शिकणे, भावना, व्यक्तिमत्त्व, समाजातील वर्तन आणि मनाचे आजार, असे साधारण सगळीकडे शिकवतात ते विषय. शेवटी लेखी परीक्षा व एक छोटा प्रकल्प.

ज्यांच्या गावात असा वर्ग नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. आय.आय.टी. सारख्या संस्थांतील प्राध्यापकांची मानसशास्त्राची व्याख्याने त्यावर घरबसल्या फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. त्यातील एन.पी.टी.ई.एल. च्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेला ७५ गुण असतात. अडचण एकच, बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची मानसशास्त्राची पुस्तकेही 'ई-ज्ञानकोश' वर फुकट वाचावयास मिळतात. प्रवेश घेण्याआधी त्यातील दोन-चार प्रकरणे वाचून पाहावीत. गोडी लागली तरच पैसे भरावेत.

धंद्यात काय कामाला येते?

पहिली गोष्ट पडून राहिलेल्या मालाची. मी एकदा शर्टिंगचा १२०० मीटर माल मीटरला ११० रुपयांनी उचलला. रंग चालला नाही. वर्षभरात एका व्यापाऱ्याने ८५ रुपये भाव दिला. म्हणजे १ लाख ३२ हजारांच्या मालाचे १ लाख २ हजार आले असते. "तीस हजारांचा घाटा घेऊ काय?" म्हणून मी नाही म्हटले. तीन वर्षांनी तोच माल ४८ रुपयांनी, ५७ हजार ६०० रुपयांना गेला. तीस हजार वाचवायला गेलो आणि आणखी ४४ हजार ४०० घालवून बसलो. गोदामाचे भाडे आणि अडकलेल्या पैशाचा फटका वेगळा.

वर्गात कळले की हा एकट्या माझा मूर्खपणा नव्हता. डॅनियल कानेमान व एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला जास्त बोचते. म्हणून तोटा कबूल करण्याचा दिवस तो पुढे ढकलत राहतो. कानेमान यांना या कामासाठी २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच वारले होते.

१९८५ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आपल्या कामाचा आहे. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात नाटकांच्या हंगामाची तिकिटे काही जणांना पूर्ण किमतीत व काहींना सवलतीत दिली. कोणाला सवलत मिळेल हे नशिबावर ठेवले होते. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरणारे जास्त नाटकांना हजर राहिले. नाटके तीच होती. फक्त खिशातून गेलेले पैसे त्यांना ओढून नेत होते. गेलेला पैसा आजचा निर्णय ठरवतो, हीच ती खोड. तेव्हापासून पडलेल्या मालापुढे मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा माल आज माझ्याजवळ नसता, तर आजच्या भावाने मी तो घेतला असता काय? उत्तर 'नाही' असेल तर आलेला भाव घेऊन मोकळा होतो.

दुसरी गोष्ट गादीवर माल पसरण्याची. एक साडी मागितली की आपण चाळीस उलगडतो. अमेरिकेतील शीना अय्यंगार व मार्क लेपर यांनी एका मोठ्या किराणा दुकानात जॅमच्या बाटल्या चवीला मांडल्या. कधी २४ प्रकार, कधी ६. चोवीस प्रकारांपाशी जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच लोकांनी जॅम विकत घेतला. सहा प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी घेतला. हे संशोधन २००० साली छापून आले.

इथे थांबलो असतो तर अर्धीच गोष्ट कळली असती. २०१० साली अशा पन्नासेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त माल पाहून माणूस गोंधळतो, काही ठिकाणी त्याला जास्तच मालच हवा असतो. ज्याला आपल्याला काय हवे ते ठाऊक नाही, तो जास्त गोंधळतो. म्हणून आता मी आधी विचारतो, कार्य कोणते, बजेट किती, रंग कोणता. मग पाच-सहाच नग काढतो. आपल्या दुकानात काय चालते ते महिनाभर वहीत टिपून प्रत्येकाने पाहावे. एका प्रयोगावर विश्वास ठेवून दुकान बदलू नये, हेही शास्त्रच शिकवते.

इथे एक इशारा देतो. ही विद्या गिऱ्हाईक फसवण्यासाठी वापरता येते. खोटी चढी किंमत लिहून त्यावर काट मारायची, "शेवटचा नग" म्हणून घाई करायची, हे त्याचेच प्रकार आहेत. पण फसलेले गिऱ्हाईक घरी जाऊन शांतपणे विचार करते आणि पुन्हा येत नाही. माझा अनुभव असा की या शिक्षणाचा खरा फायदा गिऱ्हाइकाच्या चुका पकडण्यात नाही, आपल्या स्वतःच्या चुका पकडण्यात आहे.

पन्नाशीत अभ्यास कसा जमतो?

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. वर्ग मराठीत, पुस्तकातले शब्द इंग्रजी, आणि टिपणे मी लिहीत असे उर्दूत, उजवीकडून डावीकडे. शेजारची कॉलेजातली मुले वहीत डोकावून हसत. पहिला महिना जड गेला. मग मी एका वहीत तीन रकाने आखले. स्मृती, हाफिजा, मेमरी. अवधान, तवज्जो, अटेंशन. भावना, जज्बा, इमोशन. शंभरेक शब्दांची ही वही तयार झाल्यावर पुस्तक परके राहिले नाही. उर्दू माध्यमाच्या बांधवांनी भाषेला भिऊन मागे सरू नये.

पाठांतराबाबतही मानसशास्त्रानेच मदत केली. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की नुसते पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. उपाय असा की एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसावे आणि जुने मध्ये मध्ये उजळावे. पान पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहावे. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो. माझा सगळा अभ्यास त्याच वेळात झाला.

प्रमाणपत्राची मर्यादा

ही बाब नीट ध्यानात ठेवावी. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने कोणी मनाचा डॉक्टर किंवा समुपदेशक होत नाही. रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला त्या विषयाचे खास शिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाईन पद्धतीने मानसशास्त्राच्या पदवीचे नवे प्रवेश बंद केले. कारण हा विषय आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांसाठी केलेल्या २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत येतो. तेव्हा "तीन महिन्यांत घरबसल्या समुपदेशक व्हा" अशी जाहिरात दिसली की पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करावा. ज्या मुलामुलींना यात पोट भरण्याचा व्यवसाय करायचा आहे, त्यांनी कॉलेजात रीतसर पदवीला बसावे. प्रमाणपत्र आपल्यासारख्यांच्या समजुतीपुरते आहे. आणि तेवढेही थोडे नाही.

त्या सेल्समनचे काय झाले?

वर्गात एका शनिवारी 'कारणे लावण्यातील चूक' हा विषय निघाला. दुसऱ्याचे वागणे बिघडले की आपण त्याचा स्वभाव वाईट म्हणतो. आपले बिघडले की परिस्थितीकडे बोट दाखवतो. ली रॉस यांनी १९७७ साली या खोडीला नाव दिले. मी दुकान उशिरा उघडले तर रस्त्यात गर्दी होती. त्याने उशीर केला तर तो कामचोर. बसल्या जागी मला घाम फुटला.

सोमवारी दुकान बंद झाल्यावर त्याला चहा मागवला आणि रागावण्याऐवजी विचारले, "भाई, घरी काय चालले आहे?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, दोन महिने धड झोप नाही, घास उतरत नाही, जगावेसे वाटत नाही. पुस्तकात वाचलेली उदासीनतेची लक्षणे मला आठवली, पण उपचार करणे हे माझे काम नाही हेही त्याच पुस्तकाने शिकवले होते. दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन गेलो. सहा-सात महिने औषध चालले. पगार मी कापला नाही. चार माणसांत बोललो होतो, म्हणून माफीही चार माणसांतच मागितली. आज तो काउंटरवर आहे आणि माप चुकत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या कारखान्यात, मागावर किंवा घरात असा माणूस असेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही फुकट दूरध्वनी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते.

माझे प्रमाणपत्र दुकानात टांगलेले नाही. ते कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत आहे. गल्ल्याजवळ मी ती तीन रकान्यांची वही ठेवली आहे. कोणा बांधवाला प्रवेश घ्यायचा असेल तर त्याने ती खुशाल उतरवून न्यावी.