नखाएवढे दुखणे, पाऊल अडवणारे

प्रतिनिधी, पिंपरी

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याची पाळी सुटताना फाटकाजवळ उभे राहिले, की पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत, अंगठा जमिनीपासून जपत चालणारा एखादा तरुण कामगार दिसून येतो. अपघात झालेला नसतो, पायाला पट्टीही नसते. विचारले तर 'काही नाही, नख टोचतंय' एवढेच उत्तर मिळते. पायाच्या अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतणे हे दुखणे आकाराने नखाएवढेच. पण आठ तास उभ्याने यंत्र चालवणाऱ्याला ते प्रत्येक पावलागणिक आपली आठवण करून देते.

याच जातीचे दुसरे दुखणे म्हणजे वळून कातडीत शिरलेला केस. दोन्हींमध्ये घडते ते एकच. शरीराबाहेर वाढायला हवी अशी कठीण वस्तू परत शरीरातच घुसते आणि शरीर तिला परकी समजून तिच्याशी झुंजू लागते. सूज, लाली, ठणका आणि पू ही त्या झुंजीची चिन्हे. आणखी एक साम्य असे, की ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा आपल्याच हातातील ब्लेडने सुरू होतात किंवा वाढतात.

आपल्या पूर्वजांना ही दुखणी अपरिचित नव्हती. नखाच्या कडेला पू धरला की मराठीत त्याला नखुरडे म्हणतात. केसाच्या मुळाशी येणाऱ्या गळवाला केसतोड. सुश्रुतसंहितेत नखाच्या मांसात होणाऱ्या पाकाला 'चिप्प' असे नाव असून त्याची गणना क्षुद्ररोगांत केलेली आहे. क्षुद्र म्हणजे लहान. दुर्लक्ष करण्याजोगा असा त्याचा अर्थ नव्हे. संहितेत त्यावर उपचारही सांगितलेले आहेत.

आराम देणारी चूक

नखाची वाढ टोकाकडून होत नाही, ती मुळाशी, कातडीखाली होते. अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर पुढे सरकते. संपूर्ण नख नव्याने यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. नख गोलाकार आणि खोल कापले, की कडेला, आपल्या नजरेआड, काट्यासारखे एक टोक मागे राहते. नख पुढे सरकते तसे ते टोक मांसात शिरते. कातडी फाटते, जंतूंना वाट मिळते, कडेचे मांस सुजून नखावर चढते. पुढे तेथे हात लागताच रक्त येणारा लाल, ओलसर मांसाचा कोंब दिसू लागतो.

अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच नेमके या दुखण्याचे मूळ आहे. नेलकटरचे टोक किंवा दाढीचे अर्धे ब्लेड घेऊन कोपरा आणखी आतपर्यंत कोरला जातो. टोचणारे टोक निघाल्याने दुसऱ्याच दिवशी आराम वाटतो आणि हा उपाय बरोबर आहे अशी खात्री पटते. काही आठवड्यांनी नख पुन्हा पुढे येते, या वेळी अधिक खोलवरून. मग पुन्हा ब्लेड. अशी दोन-तीन आवर्तने झालेला अंगठा घरच्या उपायांच्या पलीकडे गेलेला असतो. नखाच्या मधोमध इंग्रजी 'व्ही'सारखी खाच पाडली की कडा आपोआप आत ओढल्या जातात, अशीही एक समजूत आहे. वाढ मुळाशी होत असल्याने टोकावरच्या खाचेचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. चुना लावण्याचा प्रकार तर उरलीसुरली कातडी भाजून काढणारा.

पोलाद सैल होत नाही

नख कापण्याच्या पद्धतीइतकाच मोठा वाटा पादत्राणांचा असतो आणि औद्योगिक पट्ट्यात पादत्राण म्हणजे सेफ्टी शूज. आयएस १५२९८ या भारतीय मानकातील सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. साध्या भाषेत सांगायचे तर सुमारे २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तरी बोटे शाबूत राहिली पाहिजेत. हे संरक्षण अनमोल आहे. मात्र चामडे वापराने सैल होते, पोलाद होत नाही. घरचा बूट पहिले चार दिवस चावतो आणि मग पायाला जुळतो. पोलादी टोपीचा बूट पहिल्या दिवशी जेथे दाबतो तेथे शेवटच्या दिवशीही दाबतो. त्यात घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या मोज्यांमुळे कातडी मऊ पडते आणि नखाला आत शिरणे सोपे जाते.

नव्याने रुजू झालेल्या कंत्राटी कामगाराची अडचण येथेच सुरू होते. भांडारात जे माप शिल्लक असेल ते हाती पडते. आठ नंबरच्या पायाला सात नंबर मिळाला तरी पहिल्याच आठवड्यात तक्रार कोण करणार? वास्तविक योग्य मापाचे बूट हा उपकार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी पुरवलेल्या गोष्टींचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. बोटे चेपणारा बूट देऊन सुरक्षा पुरवल्याची नोंद करणे ही कागदोपत्री सुरक्षा झाली. चेपलेला कामगार एके दिवशी चपला घालून यंत्रावर उभा राहतो तेव्हा बुटाचा मूळ हेतूच निकालात निघतो.

बुटाचे माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि कामाचेच मोजे घालून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टोपीची कड उकिडवे बसतानाही बोटांना लागता कामा नये. केवळ लांबी वाढवून भागत नाही, रुंद पायाला रुंद टोपीचाच बूट लागतो. पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीत बदलण्यासाठी मोज्यांचा दुसरा जोड डब्यासोबत ठेवावा.

घरी काय, दवाखान्यात काय

नुसती लाली आणि ठणका असेल, पू नसेल, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटे पाय बुडवावा आणि नीट कोरडा करावा. मऊ झालेल्या नखाच्या कोपऱ्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात किंवा दातांसाठी वापरतात त्या दोऱ्याचा तुकडा हलकेच सरकवून कड उचलून धरावी, वात रोज बदलावी. नखाचा कोपरा मांस ओलांडून पुढे येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, धीर धरावा लागतो. त्यानंतर नख सरळ रेषेत कापावे आणि कोपरे दिसत राहतील एवढे लांब ठेवावे.

पू, लाल मांसाचा कोंब, पायावर पसरत जाणारी लाली किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. येथे औषधांच्या दुकानातून गोळ्यांचे एकामागून एक कोर्स घेण्याची सवय आडवी येते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासून ज्या पिंपरीत आहे, त्या शहराचा प्रतिजैविकांवर विश्वास असणे स्वाभाविकच. पण मांसात रुतलेला काटा गोळीने विरघळत नाही. तो काढावाच लागतो.

ही शस्त्रक्रिया लहान आहे. अंगठ्याच्या मुळाशी इंजेक्शन देऊन तो बधिर केला जातो. रुतलेल्या बाजूची नखाची अरुंद पट्टी मुळापर्यंत काढली जाते आणि तेथील नख तयार करणाऱ्या पेशींवर फिनॉल हे रसायन लावून त्या निकामी केल्या जातात. त्यामुळे नख थोडे अरुंद होते, परंतु ती कड पुन्हा वाढत नाही. संपूर्ण नखच उपटून काढण्याची जुनी पद्धत अनेकांना खात्रीची वाटते. मात्र मूळ शाबूत राहिल्याने अशा रुग्णांत नख पुन्हा रुतण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. हे फिनॉल म्हणजे फरशी पुसण्याचे फिनाईल नव्हे, हेही सांगून ठेवलेले बरे; घरी त्याचा प्रयोग कोणी करू नये. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. जखमेतून काही आठवडे थोडा स्राव येत राहतो आणि तोवर पोलादी टोपीचा बूट घालणे शक्य नसते, म्हणून डॉक्टरांकडून रजेची किंवा बैठ्या कामाची चिठ्ठी मागून घ्यावी. कामगार राज्य विमा योजनेत पात्र असलेल्या कामगाराला, तो कंत्राटी असला तरी, प्रमाणित आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळतो.

मधुमेहींना वरीलपैकी घरचा एकही उपाय लागू नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. नख मांसात शिरले तरी दुखत नाही आणि न दुखणारी जखम कोणी पाहत नाही. रक्तपुरवठाही मंदावलेला असेल तर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचून बोट, प्रसंगी पाऊल गमावण्याची वेळ येते. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराने नखुरडे झाल्याबरोबर साखर तपासून घेतलेली चांगली.

केसाची गोष्ट

केस कातडीत शिरण्याची जागा बहुधा हनुवटीखाली आणि मानेवर असते. कुरळ्या, राठ केसांच्या पुरुषांना हा त्रास अधिक होतो. कातडी ताणून, केसांच्या उलट दिशेने, अनेक पात्यांच्या रेझरने गुळगुळीत दाढी केली की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. त्याचे तिरके, टोकदार टोक वाढताना बाहेर येण्याऐवजी बाजूच्या कातडीत घुसते. वॅक्सिंगनंतर स्त्रियांच्या पायांवर येणारे बारीक फोड पुष्कळदा याच कारणाने येतात.

वाहन कारखान्यांच्या पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्यांची येथे कोंडी होते. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरायचा तर दाढी गुळगुळीत हवी. खुंट असले की फटीतून वाफा आत येतात. अशांनी दाढीपूर्वी कोमट पाण्याने केस मऊ करावेत, एका पात्याचा रेझर केसांच्या दिशेनेच फिरवावा, कातडी ताणू नये. ज्यांना मास्कची सक्ती नाही त्यांनी तीन-चार आठवडे दाढीच करू नये किंवा मशिनने एक मिलिमीटर खुंट ठेवावेत. बहुतेक केस तेवढ्या काळात स्वतःच सुटतात. वर दिसणारे केसाचे वेटोळे स्वच्छ सुईने अलगद सोडवता येते. केस चिमट्याने उपटला तर नवा केस पुन्हा त्याच वाटेने येतो.

यंत्रशाळेत काम करणाऱ्यांच्या मांड्यांवर आणि हातांवर येणारे काळ्या टोकांचे पुरळ मात्र वेगळे. ते कटिंग ऑइलने भिजलेल्या कपड्यांमुळे केसांची छिद्रे बुजून येते. त्यावर उपाय कपडे बदलण्याचा, रेझर बदलण्याचा नव्हे.

चाकणहून कंटेनर घेऊन दिवसदिवस बसून जाणाऱ्या चालकांनी आणखी एक प्रकार ओळखून ठेवावा. माकडहाडाजवळच्या घडीत सुटे केस घर्षणाने कातडीत घुसतात, आत केसांचा पुंजका साचतो आणि लहानशा छिद्रातून पू येऊ लागतो. दुसऱ्या महायुद्धात जीप चालवणाऱ्या अमेरिकी सैनिकांत हा आजार इतका आढळला, की १९४४ मध्ये शल्यतज्ज्ञ लुई बुई यांनी त्याला 'जीपचा आजार' असे नाव दिले. आपल्याकडे त्याला मूळव्याध किंवा भगंदर समजून संकोचाने महिनोन् महिने लपवले जाते. यावर सर्जनच उपचार करू शकतात.

संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमाधारकांसाठी चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालय आणि चाकणचे ग्रामीण रुग्णालय येथे प्राथमिक तपासणी करून घेता येते. नखाच्या तक्रारीसाठी जाताना कारखान्यातले बूट सोबत न्यावेत. टोपीच्या आतील अस्तर कोणत्या बाजूला झिजले आहे, हे पाहिले की नख कोठे दाबले जात होते ते डॉक्टरांना कळते, आणि बदलून मिळण्याच्या अर्जात काय लिहायचे हे कामगाराला.