नवरोजच्या ताटात धानसाक का नसते?

ऑगस्टचा मध्य जवळ आला की मुंबईतील पारशी-इराणी उपाहारगृहांत बिगरपारशी खवय्यांची वर्दळ वाढते. सरकारी सुटी, वृत्तपत्रांतून झळकणारी पदार्थांची छायाचित्रे आणि वर्षातून एकदा तरी 'पारशी जेवण' जेवावे ही हौस, या सगळ्यांचा तो परिणाम. यांतील बरीच मंडळी टेबलाशी बसताक्षणी धानसाक मागवतात. पदार्थ उत्तमच आहे. डाळी, लाल भोपळा, वांगी, मेथी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेले ते दाट कालवण, सोबत तपकिरी भात आणि कचुंबर. तक्रार असलीच तर मुहूर्ताबद्दल आहे. परंपरा पाळणाऱ्या पारशी घरात नवरोजच्या दिवशी धानसाक शिजत नाही. कुणाचे निधन झाल्यावर कुटुंबात तीन दिवस मांसाहार वर्ज्य असतो आणि चौथ्या दिवशी धानसाक करून ते व्रत सोडले जाते. म्हणूनच शुभदिनी ते टाळायचे. तेराव्याचा स्वयंपाक लग्नाच्या मांडवात वाढावा, तसा हा प्रकार. एरवी रविवारच्या दुपारी हेच धानसाक पोटभर जेवून ताणून द्यायला कुणाचीच हरकत नसते, हा भाग निराळा.

हा घोटाळा होतो, कारण मुंबई-पुण्याने हा समाज ओळखला तो मुख्यतः कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातून. आणि त्याच्या सणाचे जेवण त्या हॉटेलात फारसे कधी आलेच नाही.

इराणी हॉटेलातील जुना पदार्थफलक आठवून पाहावा. बनमस्का, ब्रूनमस्का, खारी, मावा केक, आम्लेट-पाव, खिमा-पाव आणि कडक चहा. यांत पारशी सणाच्या पानातले काय आहे? जवळजवळ काहीच नाही. पाव-बिस्किटे बेकरीची, खिमा मुंबईच्या मुसलमानी स्वयंपाकाच्या वळणाचा, चहा इथल्या सवयीप्रमाणे दुधाचा. गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून, कॉलेजातला विद्यार्थी आणि नाटकमंडळीतला नट, सर्वांना परवडेल आणि रुचेल असा हा बेत होता. हॉटेलमालकाने घरची चूल घरीच ठेवली. गल्ल्यामागे भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर आणि तिच्यासमोर दिवा, एवढीच काय ती त्याच्या धर्माची खूण गिऱ्हाइकाला दिसे.

येथे पारशी आणि इराणी हा भेदही ध्यानात घ्यायला हवा. पारशी हे हजारेक वर्षांपूर्वी गुजरातेत संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जरथुष्ट्री लोकांचे वंशज. इराणी म्हणून ओळखले जाणारे लोक आले ते फार उशिरा, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, प्रामुख्याने यझ्द आणि केरमान या प्रांतांतून. काजार राजवटीतील जाच आणि वारंवारचे दुष्काळ ही त्यांच्या स्थलांतराची कारणे. त्यांच्यातही सगळे जरथुष्ट्री नव्हते. यझ्दकडून आलेल्या शिया मुसलमानांनीही मुंबई-पुण्यात अशीच हॉटेले थाटली. हिंदू व्यापारी कोपऱ्यावरची जागा अशुभ मानत, त्यामुळे इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असे नेहमी सांगितले जाते. खरेखोटे काहीही असो, दोन रस्त्यांवर दारे उघडणारी जागा चहाच्या धंद्याला सोयीची ठरली, यात शंका नाही. धोबी तलावाजवळची कयानी (1904), बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (1923), पुण्यातील डेक्कन भागातले गुडलक (1935) ही या परंपरेतली ठळक नावे.

दोन वेगळ्या काळी आलेल्या या लोकांचे नववर्षही वेगळ्या दिवशी येते. ही गुंतागुंत कालगणनेची आहे. जरथुष्ट्री वर्ष 365 दिवसांचे. त्यात लीप वर्षाचा जादा दिवस धरला जात नाही. त्यामुळे आपल्या दिनदर्शिकेच्या तुलनेत नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकते. ही भर काढण्यासाठी भारतातील पारशांनी मध्ययुगात एकदा एक अधिक महिना धरला, इराणातल्यांनी धरला नाही, आणि दोन्हींत तीस दिवसांचे अंतर पडले. अठराव्या शतकात ही तफावत लक्षात आल्यावर सुरतेत मोठा वाद झाला आणि 1745 मध्ये इराणी गणना स्वीकारणारा कदमी पंथ वेगळा झाला. उरलेले बहुसंख्य ते शहेनशाही. पुढे 1906 च्या सुमारास, वसंतसंपाताशी म्हणजे 21 मार्चशी वर्षारंभ बांधणारी फसली गणना मांडली गेली. इराणमधील जरथुष्ट्री लोकांनी 1939 मध्ये बहुतांशी हीच पद्धत पत्करली. म्हणून इराणी घराचा मोठा सण मार्चमध्ये, पारशी घराचा ऑगस्टमध्ये. अर्थात 21 मार्चचा जमशेदी नवरोज पारशीही साजरा करतात. त्या दिवशी फालुदा हवाच. सणाची संधी दोनदा मिळत असेल तर ती सोडायची नाही, हा या समाजाचा शहाणपणा.

आणखी एक चूक फार जुनी आहे. नववर्षदिनी 'पतेती मुबारक' म्हणण्याची पद्धत मराठी माणसाच्या अंगवळणी पडली आहे. पतेती हा वर्षाचा अखेरचा दिवस. 'पतेत' म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. त्याआधीचे दिवस मुक्तादाचे, पितरांच्या स्मरणाचे; त्या काळात अग्यारीत फुलदाण्या मांडून दिवंगतांच्या नावे प्रार्थना होतात. पितृपक्ष संपून लगेच दुसऱ्या दिवशी पाडवा यावा, अशी ही रचना आहे. शुभेच्छा द्यायच्या त्या पतेतीनंतरच्या दिवशी, 'नवरोज मुबारक' म्हणून.

नवरोजची सकाळ उंबरठ्यापासून सुरू होते. पत्र्याच्या छिद्रांच्या डब्यांनी चुन्याच्या पुडीची नक्षी उमटवतात. तिच्यात मासा हमखास असतो, कारण मासा शुभ. दाराला फुलांचे तोरण, घरभर लोबानाचा धूर, नवे कपडे, मग अग्यारी. न्याहारीला रवो किंवा शेव. रवो म्हणजे दुधात शिजवलेला, तुपातल्या बेदाणे-बदामांनी सजवलेला मऊ शिरा. शेव म्हणजे तुपात परतून साखरेत शिजवलेल्या शेवया. सोबत गोड दही. मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर 1916 मध्ये सुरू झालेल्या पारशी डेअरीचे नाव या दह्याशी कित्येक घरांत जोडलेले आहे.

दुपारच्या जेवणाचा मान धान-दार आणि पातियोचा. पांढरा भात, तुरीचे साधे पिवळे वरण आणि कोळंबीचा किंवा माशाचा आंबट-गोड-तिखट पातियो. ताट दिसायला साधे, पण वाढदिवस असो, नवजोत असो वा नवरोज, शुभदिनाची खूण हीच. मराठी माणसाला यात आपला वरणभात दिसेल आणि ते चुकीचेही नाही. त्यापुढे ऐपतीप्रमाणे पदार्थ वाढत जातात : हिरवी चटणी लावून केळीच्या पानात वाफवलेले पापलेट म्हणजे पात्रानी मच्छी, वर बटाट्याची बारीक सळी पेरलेली मटणाची किंवा कोंबडीची सळी-बोटी, सळी-मुर्गी, पुलाव-डाळ आणि अखेरीस वेलची-जायफळाचे लगननू कस्टर्ड. बहुतेक पदार्थांत दक्षिण गुजरातचा किनारा बोलतो : नारळ, केळीचे पान, गूळ, नवसारीकडचा उसाचा सिरका.

इराणी घरातील मार्चचे टेबल याहून वेगळे. तेथे 'स' या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात; अंकुरलेले गहू, सफरचंद, लसूण, सिरका, सुमाक वगैरे. त्याशिवाय आरसा, दिवा, रंगवलेली अंडी, नाणी आणि धर्मग्रंथ. वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी कुटुंब या टेबलाभोवती जमते. जरथुष्ट्री आणि मुसलमान इराणी, दोघांनाही हा सण आपला वाटतो. 'नवरोज'ला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हा तो प्रस्ताव मांडणाऱ्या सात देशांत इराणबरोबर भारतही होता.

हॉटेलमालकाने आपला सण घरी ठेवला, पण शेजाऱ्यांच्या सणांना त्याची भट्टी पेटती राहिली. नाताळात केक, ईस्टरला क्रॉसचे बन. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुटीच्या तोंडावर मराठी घरांतून मैदा, साखर आणि डालडा किंवा तूप घेऊन मुले बेकरीत रांग लावत आणि पत्र्याच्या डब्यात नानखटाई भरून आणत. ती बेकरी अनेकदा इराण्याचीच असे.

आता हे चित्र उलटे होते आहे. 1941 च्या जनगणनेत अखंड भारतात पारशांची संख्या 1 लाख 14 हजार 890 होती. 2001 मध्ये भारतात ती 69 हजार 601 उरली आणि 2011 मध्ये 57 हजार 264. जन्मदर घटवणाऱ्या कारणांवर उपाय म्हणून केंद्राने 2013 मध्ये 'जिओ पारसी' योजना आणली, पण आकड्यांचा परिणाम स्वयंपाकघरात केव्हाच पोहोचला आहे. घरात वृद्ध दांपत्य किंवा एकटीच बाई; मुले कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात. दोन माणसांसाठी पापलेट साफ करून, चटणी वाटून, पाने शेकून पात्रानी मच्छी करायची कुणी? साहजिकच सणाचे जेवण बाहेरून मागवले जाते. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेला बेत अशा रीतीने केटररच्या डब्यात आणि उपाहारगृहाच्या पदार्थफलकावर आला.

त्यामुळे पदार्थ टिकतात, यात वाद नाही. कित्येकांच्या पाककृती एरवी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. काही नवेही जन्माला येते. ब्रिटानियाचा बेरी पुलाव हे त्याचे उत्तम उदाहरण. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणमधील वास्तव्यानंतर तिथल्या झरेश्क पुलावाला मुंबईची मसालेदार जोड दिली. 2019 मध्ये कोहिनूर निवर्तले, पण त्या आंबट लाल फळांसाठी आजही लोक बॅलार्ड इस्टेट गाठतात. हॉटेलात हरवतो तो पदार्थांचा क्रम आणि त्यांचे प्रसंग. घरात कोणत्या दिवशी काय शिजत नाही, हे मुलाला न सांगता कळते. पदार्थफलकावर सगळे पदार्थ एकाच किमतीच्या रांगेत उभे असतात. धानसाक आणि धान-दार शेजारी शेजारी. गिऱ्हाईक मागेल ते देणे हा हॉटेलचा धर्म आणि त्याला नवरोजलाही सुटी नसते. तरीही काही केटरर सणाच्या यादीतून धानसाक आवर्जून वगळतात, हे नोंदवायला हवे.

2024 पासून शहेनशाही नवरोज 15 ऑगस्टला येतो, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या सुटीत विरून जातो. 2027 मध्ये तर तो रविवारी आहे. 2028 च्या फेब्रुवारीत 29 तारीख येईल आणि नवरोज एक दिवस अलीकडे, सोमवारी 14 ऑगस्टला सरकेल. शनिवार-रविवारला जोडून सलग चार दिवसांची ती सुटी असेल. केटररकडे सळी-बोटीची मागणी तोवर आधीपासूनच नोंदवावी लागेल.