कॉर्निश नावांचे तीन थर

वसईच्या आमच्या शाळेत जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादी जेनिफर असे. हे नाव बायबलातले असावे, असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो होतो. तसे ते नाही. आर्थर राजाची राणी ग्विनिव्हिअर हिच्या नावाचे कॉर्नवॉलमधले रूप म्हणजे जेनिफर. त्यातल्या ‘ग्वेन’चा अर्थ शुभ्र, पवित्र. १९०६ साली बर्नार्ड शॉने ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकातल्या कॉर्निश स्त्रीला हे नाव दिले. त्यानंतर ते कॉर्नवॉलबाहेर पसरत गेले आणि आमच्या हजेरीपटापर्यंत आले.

कॉर्नवॉल हे इंग्लंडचे नैर्ऋत्य टोक. तिथली कॉर्निश ही केल्टिक भाषा. वेल्श आणि ब्रेटन या तिच्या सख्ख्या बहिणी. मासळी विकणारी डॉली पेंट्रीथ १७७७ साली वारली. तिच्याबरोबर ही बोलती भाषा संपली, असे परंपरेने सांगतात. नावे मात्र उरली. त्यांचा माग काढू लागल्यावर मला तीन थर दिसले.

सर्वांत जुन्या थराचा मोठा पुरावा म्हणजे बॉडमिनची शुभवर्तमानाची पोथी. तिच्या समासांत दहाव्या-अकराव्या शतकांत गुलामांना मुक्त केल्याच्या नोंदी लिहिल्या गेल्या. मेडग्विस्टिल नावाच्या एका स्त्रीला लेकराबाळांसह संत पेट्रॉकच्या वेदीवर मुक्त केल्याची नोंद त्यांत आहे. या नोंदी वाचताना एक गोष्ट मनाला लागते. मुक्त होणाऱ्यांची नावे बहुतांशी कॉर्निश, तर मुक्त करणाऱ्यांची बहुतांशी इंग्रजी. कोणाचे राज्य होते आणि कोण राबत होते, हे नावांवरूनच कळते.

दुसरा थर संतांचा आणि घरगुती रूपांचा. पिरान हा कथील-खाणकामगारांचा संत. ५ मार्चला त्याचा सण असतो. मॉरवेना या संतिणीच्या नावावरून मॉरवेनस्टो हे गाव ओळखले जाते. जेम्सचा जागो झाला, जॉर्जचा जोरी, थॉमसिनाची टॅमसिन. पास्को म्हणजे ईस्टरशी जोडलेले नाव. डेन्झिल हे मुळात ठिकाणाचे नाव. ते आधी आडनाव झाले, मग पाळण्यातले नाव.

तिसरा थर अगदी अलीकडचा. १९०४ साली हेन्री जेनर यांनी कॉर्निश भाषेचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि पुनरुज्जीवनाला बळ मिळाले. पुढे लोक कॉर्निश शब्दांतून मुलींची नावे निवडू लागले: लोवेना म्हणजे आनंद, केरेन्झा म्हणजे प्रेम, एलोवेन म्हणजे एल्मचे झाड. डेमेल्झा ही मूळची एक वाडी. विन्स्टन ग्रॅहम यांच्या १९४६ च्या कादंबरीने तिचे मुलीचे नाव केले.

‘पारंपरिक कॉर्निश नावे’ म्हणून छापल्या जाणाऱ्या याद्यांत हे तिन्ही थर एकत्र कालवलेले असतात. म्हणून नवी नावे खोटी ठरत नाहीत. २०१० मध्ये युनेस्कोने कॉर्निशला ‘मृत’ भाषांच्या वर्गातून काढले, त्यामागे हाच जिव्हाळा होता. तरी मला वाटते, एलोवेन म्हणून लेकीला हाक मारणाऱ्याला मेडग्विस्टिलही ठाऊक असावी. एकीचे नाव आईबापांनी हौसेने शोधले. दुसरीचे टिकले, ते ती कोणाची तरी मालमत्ता होती म्हणून.